सहा फूट अकरा इंचांचा कानसेन

"ओ पुढचे, बसा खाली!" ही हाक आपल्याकडे तमाशाच्या तंबूपासून गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापर्यंत कुठेही ऐकू येते. पुढचा माणूस ओशाळून बसतो, बसायला जागा नसेल तर निदान मान तरी तिरकी करतो. पण पुढचा माणूस सहा फूट अकरा इंच उंच असला, अंगात रंगांचा स्फोट झाल्यासारखा टी-शर्ट असला आणि दोन्ही हात आभाळाकडे करून तो डोलत असला, तर त्याला काय सांगणार? अमेरिकेचा नावाजलेला बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन 27 मे 2024 ला कॅन्सरने गेला, 71 व्या वर्षी. त्यानंतर त्याच्या चाहत्यांनी ज्या आठवणी काढल्या, त्यांत पदकं आणि विक्रम होतेच, पण पुन्हा पुन्हा यायची ती त्याची पाठ. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलीला आम्ही त्याच्या मागे उभे होतो, स्टेजचा अर्धा भाग दिसला नाही, आणि तरीही मजा आली, अशा धर्तीच्या आठवणी. तक्रारीचा सूर जवळजवळ नाहीच.

हे काही केल्या पटेना. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला राग कसा येत नाही?

त्याच्या उंचीची आधीच एक गंमत आहे. संघाच्या कागदांवर ती शेवटपर्यंत सहा फूट अकरा इंचच राहिली, पण शेजारी उभे राहिलेले सगळे सांगायचे की हा सात फुटांच्या खालचा नाही. तो आकडा त्याने हट्टाने अडवून धरला होता. बास्केटबॉलमध्ये सात फुटी म्हटलं की एक साचा ठरलेला असतो: कड्याखाली जाऊन उभा राहा, हात वर कर, बुटके लोक चेंडू आणून देतील, तू तो आत टाक. वॉल्टनला त्या साच्यात बसायचं नव्हतं. त्याला चेंडू मिळवण्यापेक्षा द्यायला आवडायचा. म्हणून मैदानावर एक इंच चोरणारा हा माणूस मैफलीत मात्र पुरता ताठ उभा राहायचा, वर हातांची भर घालून. आयुष्यभर त्याला अवघडून टाकणारी उंची तिथे तो बिनदिक्कत उधळायचा.

सॅन दिएगोजवळच्या ला मेसा गावातलं त्याचं घर खेळाडूंचं नव्हतं. आई ग्रंथपाल, वडील समाजसेवा खात्यात आणि जोडीला संगीत शिकवणारे. घरात टीव्ही नव्हता. त्यामुळे व्यावसायिक बास्केटबॉल या मुलाने आधी पाहिला नाही, ऐकला. उशाशी ट्रान्झिस्टर, त्यावर लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचं समालोचन करणारा चिक हर्न, आणि अंधारात डोळे मिटून पडलेला पोरगा. चेंडू कुठे आहे, कोण कुठून धावतोय, कोण मोकळा आहे, हे सगळं आवाजातून मनात उभं करायचं. त्यात हा मुलगा अडखळत बोलायचा, इतका की वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडायची चोरी. ज्याला बोलता येत नाही तो ऐकायला शिकतो. 1967 साली, पंधरा वर्षांचाही नसताना, त्याने पहिल्यांदा ग्रेटफुल डेड ऐकला आणि त्यानंतर, त्याच्याच हिशोबाने, 850 हून जास्त मैफली झाल्या. व्यावसायिक लीगमध्ये त्याने नियमित मोसमाचे सामने खेळले 468. आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन नाही झालो तरी कानसेन व्हावं. आपण ते सांत्वनासाठी म्हणतो. वॉल्टन खेळात तानसेन होता आणि तरीही त्याला जास्त अप्रूप होतं ते कानसेन असण्याचं.

त्याचा खेळ नीट पाहिला तर हा कान दिसतो. सगळे सांगतात तो 1973 च्या कॉलेज अजिंक्यपदाचा अंतिम सामना, ज्यात त्याने 22 वेळा नेम धरला, 21 वेळा चेंडू आत गेला आणि 44 गुण झाले. ते थोरच. पण त्याची खरी कारागिरी सुरू व्हायची ती समोरच्याचा नेम चुकल्यावर. चेंडू कड्याला लागून उसळतो, उंच माणूस तो हवेत धरतो, इथवर सगळे सेंटर, म्हणजे कड्याजवळ खेळणारे उंच खेळाडू, सारखे. फरक पडतो पुढच्या एका सेकंदात. बहुतेक जण धरलेला चेंडू छातीशी, कमरेशी खाली आणतात, कारण एवढी धक्काबुक्की करून मिळवलेली वस्तू पोटाशी धरावी असं शरीरालाच वाटतं. घात तिथेच होतो. खाली टपलेला सहा फुटी गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारा चपळ खेळाडू, त्यावर थाप मारतो. नाहीतर सेंटर तोल सावरायला चेंडू एकदा जमिनीवर आपटतो आणि तेवढ्या अवधीत समोरचे पाचही जण मागे पळून आपापली जागा धरतात. वॉल्टन चेंडू कपाळाच्या खाली आणायचाच नाही. उडी ऐन टोकावर असताना तो कमरेतून वळायला लागलेला असायचा, उतरताना तोंड बाजूच्या रेषेकडे झालेलं असायचं, आणि पाय टेकता टेकता डोक्यावरून दोन्ही हातांनी पास सुटलेला असायचा. मनगटांचा झटका फक्त, हात मागे नेऊन जोर काढणं नाही, कारण मागे नेलेला चेंडू पाठीमागचा हिसकावतो. पास जायचा रिबाउंड, म्हणजे कड्यावरून उसळलेला चेंडू, ज्या बाजूला पडला त्याच बाजूच्या रेषेकडे. मधून आडवा दिला आणि कोणी अडवला तर तो कड्यासमोर मोकळाच सापडतो. आणि गार्ड आहे तिथे नाही, गार्ड पोचणार आहे तिथे. याला आउटलेट पास म्हणतात. शिकवायला दहा मिनिटं लागतात. पण चेंडू हवेत असताना, मागे न बघता, आपला माणूस पाठीमागे कुठवर आलाय हे कळणं शिकवता येत नाही. गायक तिहाई कुठून उचलणार हे तबलजीला जसं आधी कळतं, तसलं ते ज्ञान आहे.

कॉलेजनंतर वॉल्टन ज्या व्यावसायिक संघात गेला, त्या पोर्टलंडच्या जॅक रॅमसे या कोचने सगळा संघच या एका सेकंदावर रचला. लायनेल हॉलिन्स, जॉनी डेव्हिस, बॉब ग्रॉस ही धावणारी मंडळी, धक्के खायला आणि द्यायला मॉरिस लुकस, आणि मध्ये वॉल्टन. 5 जून 1977 ला अजिंक्यपदाच्या सहाव्या सामन्यात त्याचे आकडे होते 20 गुण, 23 रिबाउंड, 7 असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने गुण केले असे पास), 8 ब्लॉक (समोरच्याचे हवेत अडवलेले नेम). स्कोअर 109-107, शेवटचे क्षण, फिलाडेल्फियाच्या मॅकगिनिसचा नेम चुकला आणि चेंडू उसळला. त्या गर्दीत वॉल्टनने चेंडू धरलासुद्धा नाही, नुसती टपली मारून आपल्या गार्डच्या दिशेने ढकलला. वेळ संपली. मोसमातला सगळ्यात मोलाचा चेंडू, आणि त्याने तो हातात घेतला नाही. मग अंगातला शर्ट काढून गर्दीत भिरकावला. या माणसाजवळ काही टिकायचंच नाही.

आता थोडं त्या इमारतींबद्दल, कारण वॉल्टनच्या दोन आवडी अक्षरशः एकाच छपराखाली नांदत होत्या. लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाचं पॉली पॅव्हिलियन हे त्याचं कॉलेजचं घर. तिथे 17 नोव्हेंबर 1973 ला ग्रेटफुल डेड वाजवून गेला. पोर्टलंडचं मेमोरियल कोलिसियम हे नंतरचं घर. तिथे बँड वाजला 19 मे 1974 ला, वॉल्टन पोर्टलंडचा झाला त्याच महिन्यात. पण बास्केटबॉलचं सभागृह हे संगीताचं शत्रू असतं. सिमेंटचा कटोरा, लोखंडी छत, कडक लाकडी जमीन. आरोळ्या दुप्पट व्हाव्यात म्हणून हे ठीक आहे; पण तिथे गिटार वाजवली की आवाज थेट येतो, मग छतावरून येतो, मग समोरच्या भिंतीवरून येतो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरतो. त्यावर बँडने आणि ओव्स्ली स्टॅनली या त्यांच्या ध्वनीवेड्या मित्राने काढलेला तोडगा म्हणजे 1974 ची वॉल ऑफ साउंड. सहाशेच्या वर स्पीकर, 48 अ‍ॅम्प्लिफायर, वजन 75 टनांच्या आसपास, उंची तीन मजले, आणि हे सगळं वादकांच्या पाठीमागे.

त्यातली युक्ती आकारात नव्हती, वाटणीत होती. प्रत्येक वाद्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्वतःचे स्पीकर. बेसच्या तर चार तारांनाही वेगळी वाट. एकाच स्पीकरच्या पडद्यावर दोन वाद्यं नाचवली की दोघांच्या भांडणातून तिसरेच नको ते स्वर निपजतात, खरखर येते; प्रत्येकाला आपापलं घर दिलं की आवाज मोठा होऊनही स्वच्छ राहतो. स्पीकर एकावर एक उभे रचले की आवाज आडवा पसरतो पण उभा फार फाकत नाही, म्हणजे छताकडे कमी जातो, म्हणजे घुमणं कमी. स्पीकर पाठीमागे असल्यामुळे वादक जे ऐकतोय तेच श्रोता ऐकतो, मध्ये कोणी भाषांतर करणारा नाही. पण पाठीमागे स्पीकर आणि समोर गाणाऱ्याचा माइक म्हटल्यावर तोच आवाज माइकमधून पुन्हा स्पीकरकडे जाणार आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजणार. म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक, उलट जोडणीचे, अगदी जवळजवळ. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खोडतो. गायक एकातच गातो, म्हणून त्याचा आवाज तेवढा उरतो. गायक जरा दूर सरकला की त्याचाही आवाज दोन्हींत शिरतो आणि खोडला जातो. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत मधेच गळा किडकिडा का होतो याचं हे कारण. असली भिंत एका रात्रीत उभी होत नाही, म्हणून स्टेजचे दोन संच ठेवले: एकावर आज कार्यक्रम, दुसरा ट्रकने पुढच्या गावी. खर्च इतका झाला की ऑक्टोबर 1974 मध्ये बँडने भिंत मोडली आणि दौरेच थांबवले.

ही भिंत पुरत्या रूपात पहिल्यांदा वाजली 23 मार्च 1974 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेशीवरच्या काउ पॅलेसमध्ये. ती तारीख युसीएलएच्या जुन्या चाहत्यांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ग्रीन्सबरोत, वॉल्टनचा संघ कॉलेज उपान्त्य सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून 80-77 असा हरला, दोनदा वाढवून दिलेल्या वेळेनंतर. दुसऱ्या जादा वेळेत सात गुणांची आघाडी होती, ती हातची गेली. त्या पराभवाचं शल्य तो म्हातारपणीही बोलून दाखवायचा. आणि दुसरी तारीख 8 मे 1977. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी, मे महिन्यात बर्फ पडलेल्या रात्री, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये डेडची जी मैफल झाली ती अनेकांच्या मते त्यांची सर्वांत चांगली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतली आहे. बार्टन हॉल हाही तेव्हा कॉर्नेलचा बास्केटबॉलचा हॉलच. तिथे साडेआठशे मैफलींचा हा मानकरी नव्हता. तो दिवस त्याने लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बारसमोर घालवला, उपान्त्य फेरीचा दुसरा सामना, पोर्टलंड 99, लेकर्स 97.

म्हणजे सगळ्यात निष्ठावंत श्रोत्याची सगळ्यात महत्त्वाची हजेरी चुकली, कारण तो कामावर होता.

ती रात्र मग त्यालाही इतरांसारखी टेपवरच भेटायची. बेटी कँटर-जॅक्सन या बँडसाठीच ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी ती टिपली होती. पण डेडची खरी तऱ्हा अशी की श्रोत्यांनाही ध्वनिमुद्रण करायला मोकळीक होती, आणि टेप विकायची नाही, अदलाबदल करायची, हा दंडक. कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपालखर्च पाठवायचं, समोरचा कॉपी करून परत धाडायचा. 90 मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला 45. बँडचा उत्तरार्ध, दोन ढोलवाल्यांच्या जुगलबंदीसकट, त्याच्या पलीकडे सहज जायचा, म्हणून जाणकार टेपर, म्हणजे मैफल टेप करणारा श्रोता, बाजू कधी उलटायची हे गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत ठरवायचा, आणि चुकायचा. ऐन रंगात आलेली गिटार तुटते, खट्ट आवाज, आणि पुढचं वाक्य अर्ध्यातून. कॉपी करताना टेपची सरसर कमी करायचं डॉल्बीचं बटण बंद ठेवायचं, नाहीतर तीव्र स्वर दर कॉपीला मरत जातात. दोन यंत्रांच्या वेगात किंचित फरक असला तरी अख्खी मैफल पाव स्वर वर चढते. कॉपीवरून कॉपी करत चौथ्या पिढीपर्यंत पाऊस पडल्यासारखी सरसर. आपल्याकडे कुमारांच्या, भीमसेनांच्या खासगी बैठकींच्या कॅसेट अशाच हातोहात फिरल्या, "कुणाला देऊ नकोस" असं बजावून दिलेल्या आणि म्हणूनच सगळ्यांकडे पोचलेल्या. फरक इतकाच की आपल्याकडे गायकाला बहुधा विचारलेलं नसायचं.

या टेपरांसाठी 27 ऑक्टोबर 1984 ला बर्कलीत वेगळी जागा आखून दिली गेली, ध्वनी सांभाळणाऱ्याच्या मिक्सरमागे. कारण? त्यांच्या माइकचे दांडे. सात-आठ फुटांवर माइक धरला की खालच्या लोकांच्या गप्पा कमी येतात, पण मागच्यांना दांड्यांचं रान दिसतं आणि ध्वनी सांभाळणाऱ्यालाही स्टेज दिसत नाही. दांड्यांना हलवता आलं. त्याच उंचीवर डोकं असलेल्या वॉल्टनला कोणी हलवल्याचं ऐकिवात नाही.

पायांबद्दल लिहायलाच हवं. युसीएलएचे कोच जॉन वुडन दर मोसमाच्या पहिल्या दिवशी मोजे घालायला शिकवत. देशातली निवडक पोरं, आणि हे गृहस्थ खाली बसून दाखवताहेत: मोजा बोटांपर्यंत ओढा, करंगळीजवळ आणि टाचेवर सुरकुती राहू देऊ नका, मोजा वर धरून ठेवूनच बूट चढवा, लेस खालच्या भोकापासून एकेक करत आवळा, वर दुहेरी गाठ. सुरकुतीचा फोड होतो, फोडाने सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो. वॉल्टनला ते तेव्हा हास्यास्पद वाटलं आणि पुढे तो आयुष्यभर तेच सांगत फिरला. पण त्याच्या पायांचा रोग सुरकुतीच्या फार आतला होता. तळपायाच्या कमानीत नेव्हिक्युलर नावाचं एक होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. दगडी कमानीत वरचा कळीचा दगड असतो ना, तसं ते. प्रत्येक उडीचा भार घोट्यातून त्याच्यावर, आणि त्याच्या मधल्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा सगळ्यात अपुरा. म्हणून चीर पडते ती मध्येच, आणि भरून यायला सगळ्यात उशीर लागतो तोही तिथेच. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही. दुखणंही पायाच्या वरच्या बाजूला कुठेतरी, मोघम. त्याला एकच औषध, पाय टेकायचा नाही, प्लास्टर, सहा-आठ आठवडे. 1978 मध्ये पोर्टलंड 50 सामने जिंकून फक्त 10 हरलं होतं, तेव्हा वॉल्टनचा पाय बोलू लागला. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला. वेदना हा शरीराचा चौकीदार; त्याला झोपवलं की चोराला मोकळं रान. हाड तुटलं. त्या वर्षी 58 सामने खेळूनही लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि पुढचा अख्खा मोसम तो मैदानावर आला नाही.

पण त्याच सप्टेंबरात तो कुठे होता पाहा. इजिप्तमध्ये, गिझाला. 14, 15 आणि 16 सप्टेंबर 1978, डेडने पिरॅमिडच्या पायथ्याशी, स्फिंक्सच्या शेजारी तीन रात्री वाजवलं, आणि हा मोडक्या पायाने तिथवर गेला. त्या मैफली संगीत म्हणून फार साधल्या नाहीत, हे भक्तही मान्य करतात. पियानो सुरात नव्हता. मोठ्या पिरॅमिडमधल्या राजाच्या दफनकक्षात आवाज पाठवून तिथला नैसर्गिक घुमारा परत आणायचा, असा बेत होता. तारांनी दगा दिला आणि तो बारगळला. ढोलवाला बिल क्रॉइट्समन मनगट मोडल्यामुळे एका हाताने वाजवत होता. एका हाताचा ढोलवाला, एका पायाचा सेंटर, आणि तिसऱ्या रात्री वर चंद्रग्रहण. कारकिर्दीचं काय होणार याची शाश्वती नसलेल्या 25 वर्षांच्या माणसाला याहून बरी जागा कुठली मिळणार होती?

दुसरा ढोलवाला मिकी हार्ट, आणि त्याच्यातून हा धागा थेट माहीमला येतो. हार्ट 1967 च्या सुमारास उस्ताद अल्लारखांना भेटला आणि अमेरिकन ढोलाच्या दोन-चारच्या चालीपलीकडे काय आहे ते त्याला दिसलं. त्याच काळात बँडने एक गाणं चक्क अकरा मात्रांत बांधलं, तीन-तीन-तीन-दोन अशा विभागणीचं. आपल्याकडे रुद्र तालाच्याही अकराच. पुढे अल्लारखांचे चिरंजीव झाकीरभाई कॅलिफोर्नियात राहायला गेले, हार्टबरोबर दिगा रिदम बँडमध्ये बसले, मग प्लॅनेट ड्रम आलं, ग्रॅमी आलं. म्हणजे वॉल्टन ज्या ढोलांवर हात वर करून नाचायचा, त्यांच्या हिशोबात पंजाब घराण्याची थोडी गणितं मिसळलेली होती. झाकीर हुसेन गेले तेही 2024 मध्येच, डिसेंबरात, सॅन फ्रान्सिस्कोला. ऑक्टोबरात डेडचा बेसवादक फिल लेश गेला होता. वाईट वर्ष.

टी-शर्टाचंही एक शास्त्र आहे, आणि बांधणी माहीत असणाऱ्यांना ते सोपं जाईल. शंभर टक्के सुती कापड घ्यायचं, पॉलिएस्टर रंग धरत नाही. वॉशिंग सोड्याच्या पाण्यात भिजवायचं, कारण हे रंग क्षारातच धाग्याशी जोडले जातात. सोडा विसरलात तर पहिल्या धुण्यात सगळं मोरीत. मग मध्यभागी चिमटीत धरून चकलीसारखं गोल गुंडाळायचं, रबरबँडांनी पुरणपोळीएवढी चकती आवळायची आणि फाकीफाकीत रंग ओतायचा. लाल आणि हिरवा शेजारी टाकला की हमखास शेणाचा रंग येतो. चोवीस तास ओलं ठेवायचं, आधी गार पाण्यात खंगाळायचं, मगच गरम. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाच्या संघाकडे पैसे नव्हते. डेडने मदत केली आणि देशाच्या झेंड्याच्या पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत उडी मारून चेंडू टाकणारा सांगाडा छापलेले असले टी-शर्ट आले. त्यांनी माजी सोव्हिएत राष्ट्रांच्या एकत्रित संघाला 82-78 ने हरवून कांस्यपदक घेतलं आणि ते टी-शर्ट घालूनच व्यासपीठावर चढले. संगीत आणि बास्केटबॉल यांची गाठ बांधणारा वॉल्टन एकटाच नव्हता, एवढं सांगण्यापुरतंच हे.

बोलण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. 28 व्या वर्षी मार्टी ग्लिकमन या समालोचकाने त्याला काही साध्या गोष्टी सांगितल्या. विचारांचा वेग कमी कर, पुढच्या वाक्याचा नाही, आत्ताच्या शब्दाचा विचार कर. मोठ्याने वाच. बिनसाखरेचं च्युइंगगम चाव, जबड्याचे स्नायू बळकट होतील. कुठले ध्वनी अडतात ते शोध आणि तेवढेच घोक. यात चमत्कार काही नाही, हा रियाजच. त्यानंतर जो तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. टीव्हीवर कॉलेजच्या सामन्याचं समालोचन करताना तो ज्वालामुखी, नद्या, सायकली आणि 1970 च्या दशकातली एखादी मैफल यांच्यात बेमालूम फिरायचा, मध्येच डेडच्या ओळी पेरायचा, आणि शेजारचा सहकारी बिचारा स्कोअर सांगायचा प्रयत्न करायचा. कित्येकांना ते असह्य व्हायचं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. अटीतटीच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं असताना भूगर्भशास्त्र नको असतं. पण आलापीला वेळ लागतो हे पटणाऱ्याला तो कळायचा.

आणि मग ती पाठ. 2008 साली मणक्यांनी दगा दिला. तीन डझनांहून जास्त शस्त्रक्रिया झालेला हा देह घराच्या जमिनीवर आडवा पडला, खुर्चीत बसवेना, जगणं नकोसं झालं होतं हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. 2009 मध्ये मणके धातूने जोडले गेले. सावरल्यावर पहिल्यांदा मैफलीला गेला तेव्हा मागे उभ्या असलेल्यांना काय दिसलं असेल? तीच पाठ, आता आत लोखंड असलेली, आणि वर तेच दोन हात.

राग का येत नाही, याचं मला सुचतं ते उत्तर असं. आपल्या बैठकीत गवई पहिल्या रांगेत एक डोकं शोधतो. सम कुठे येणार हे ज्याला आधी कळतं, ज्याची दाद अर्धी मात्रा उशिरा येत नाही, असा एक जण. तो सापडला की गाणं त्याच्याकडे तोंड करून होतं आणि बाकीच्यांना फुकट मिळतं. रॉकच्या मैफलीत स्टेजवरून दिवे डोळ्यांवर असतात, समोर हजारो माणसांचा काळा चिखल. त्यात एकच चेहरा इतरांच्या फूटभर वर तरंगतोय. मागच्यांना जो अडथळा, तो स्टेजवरून दीपस्तंभ. त्याचे हात वर गेले की मागच्यांना कळायचं की आता काहीतरी वळणार आहे, आणि वाजवणाऱ्यांना कळायचं की ते पोचलं. हाही एक आउटलेट पासच म्हणायचा.

तो गेला त्याच आठवड्यात डेडचा गिटारवादक बॉब वेअर, मिकी हार्ट आणि मंडळी लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये वाजवत होती. त्या घुमटाच्या आतला पडदा 1,60,000 चौरस फुटांचा, छतापर्यंत वळत गेलेला. तिथे बुटक्या माणसालाही कोणी आडवं येत नाही. मैफलीत त्या पडद्यावर वॉल्टनचे फोटो आले. लाल केसांचा कॉलेजचा पोरगा, डोक्याला पट्टी बांधलेला पोर्टलंडचा सेंटर, पांढऱ्या केसांचा, रंगीत शर्टातला म्हातारा. इतकी वर्षं त्याच्या मागे उभे राहिलेल्यांना या वेळी चेहरा दिसत होता, इमारतीएवढा, त्यांच्याकडेच बघणारा. खाली, त्याच्यासमोर, बँड वाजवत होता. पाठ आता त्यांची होती.